नट फिरला नाही, तरी सैल कसा झाला?

इंजिनाचे नट एकदा गच्च आवळले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही तसेच वाटत असे. आम्ही शाळामास्तर. छत्तीस वर्षे मुलांना गणित शिकवले, पुढे हेडमास्तर झालो. पण पान्याचे गणित आम्हाला एका मिस्त्रीने शिकवले, आणि ते शिकण्यापूर्वी आम्ही मोठे नुकसान करून घेतले. तीच हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचा विषय सोपा होईल.

साल १९९२. नाशिक जिल्ह्यात आमचे थोडे रान आहे. त्या वर्षी दीड एकरात उन्हाळ कांदा लावला होता. विहिरीपर्यंत विजेची तार तेव्हा आली नव्हती. पाणी उपसायला डिझेलवर चालणारे पाच अश्वशक्तीचे इंजिन होते, तेही जुने घेतलेले. फेब्रुवारीत ते धूर ओकू लागले, जोर धरीना. बाजारच्या गावाहून मिस्त्री आला. त्याने इंजिनाचे हेड काढले, आतला जळका गॅस्केट टाकून दिला, नवा बसवला आणि वरचे चारही नट आमच्या देखत आवळले. इंजिन ठणठणीत चालू लागले.

जाताना मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, तीन-चार दिवस चालवा. मग मला निरोप धाडा. नट पुन्हा एकदा आवळावे लागतील."

आम्ही मान डोलावली, पण मनात वेगळेच आले. नट तर आताच आवळले. मग पुन्हा कशाला? हा दुसऱ्या खेपेचे पैसे काढणार, दुसरे काय? चार दिवसांनी आम्ही नट पाहिले. मिस्त्रीने प्रत्येक नटावर आणि हेडावर मिळून खडूची एक रेघ ओढली होती. चारही रेघा जिथल्या तिथे जुळत होत्या. एकही नट केसभरसुद्धा फिरला नव्हता. आम्ही निर्धास्त झालो. निरोप काही धाडला नाही.

तीन आठवड्यांनी हेडाच्या कडेतून फुर्र फुर्र असा आवाज येऊ लागला. हेडातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसू लागले. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू होईना. हॅन्डल मारले तर हाताला दाबच लागेना. गॅस्केट पुन्हा जळाला होता. मार्चचे ऊन, कांदा पोसायची वेळ आणि पाणी बंद. तालुक्याला तो गॅस्केट मिळाला नाही, नाशिकहून मागवावा लागला. हेडाची बूडही जाळाने कोरली गेली होती, ती कारखान्यात घासून सपाट करून घ्यावी लागली. या सगळ्यात अकरा दिवस गेले. माना टाकलेल्या कांद्याला मग कितीही पाणी दिले तरी तो काय पोसणार? त्या वर्षी आमचा कांदा सुपारीपेक्षा थोडा मोठा, एवढाच निघाला. त्यावर सोसायटीचे कर्ज होते. ते फेडायला घरातली म्हैस विकावी लागली.

मिस्त्री पुन्हा आला तेव्हा आम्ही त्याला थोडे रागानेच म्हणालो, "मिस्त्री, नट तर हलले नव्हते. ही बघा तुमची खडूची रेघ."

तो हसला. म्हणाला, "नट हलला नाही हे खरं, गुरुजी. पण नट सैल झाला होता. आणि दुसऱ्या खेपेचे पैसे मी कुणाकडूनच घेत नाही. ते पहिल्या मजुरीतच धरलेले असतात."

आम्ही खाली पाहिले. पण प्रश्न तसाच राहिला. न फिरता नट सैल होतो तरी कसा?

हे समजायला आधी हेड म्हणजे काय ते पाहू. इंजिनात एक जाड नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात दट्ट्या खालीवर होतो, तो पिस्टन. नळकांड्याच्या वरच्या तोंडावर बिडाचे जाड झाकण बसवलेले असते, ते हेड. नळकांडे आणि झाकण यांच्यामध्ये एक पातळ चकती घालतात, तिला गॅस्केट म्हणतात. आमच्याकडचे जुने लोक तिला पॅकिंगही म्हणतात. डब्याच्या झाकणात रबराची कडी असते ना, तेच काम गॅस्केट करतो. आतला वायू बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि भोवतालचे पाणी आत येऊ द्यायचे नाही. खालून पोलादाच्या सळया वर आलेल्या असतात. त्यांना स्टड म्हणतात. स्टड झाकणातून वर निघतात, त्यांवर नट बसवून झाकण दाबून धरतात.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले, तेव्हापासून युक्ती तीच आहे. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती आपोआप तापते, आणि तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला की तो पेट घेतो. आपल्याकडे पुण्यास १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढे अशी इंजिने खेड्यापाड्यांतल्या विहिरींवर दिसू लागली. आता वीज आली, सौर पंपही आले, तरी डिझेलची इंजिने अजून पुष्कळ ठिकाणी चालतात.

तेल पेटते त्या वेळी झाकणावर किती जोर येतो? चला, गणित करू. समजा, सिलिंडरच्या तोंडाची रुंदी ८ सेंटिमीटर आहे. म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर झाले. तेल पेटल्यावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ६० किलोचा दाब आला असे धरा. ५० गुणिले ६० म्हणजे ३,००० किलो. क्विंटलमध्ये ३० क्विंटल! कांद्याच्या ५० किलोच्या ६० गोण्या एकावर एक रचाव्यात, एवढ्या जोराने आतला वायू झाकणाला वर ढकलतो. आणि एकदाच नाही. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना एकदा तेल पेटते. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा आणि तासाला ४५,००० वेळा. दर वेळी ते चार स्टड झाकणाला जागेवर धरून ठेवतात.

आता खरा मुद्दा. स्टड झाकणाला धरतो तो कशाच्या बळावर? आम्ही विचारले तर मुले म्हणत, नटाच्या बळावर. तेवढे उत्तर पुरे नाही. तो धरतो ताणाच्या बळावर. आपण नट आवळतो तेव्हा नट खाली दाबतो आणि स्टड वर खेचला जातो. पोलाद आपल्याला ताठ दिसते, पण तेही रबरासारखे लांबते. फार थोडे लांबते एवढेच. लांबले की ते पुन्हा आखडायला पाहते, आणि त्या आखडण्याच्या ओढीने झाकण खाली दाबले जाते. स्टड म्हणजे एक जबर स्प्रिंग आहे. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक याने १६७८ साली हा नियम छापून प्रसिद्ध केला, की स्प्रिंग जितकी ताणाल तितकी तिची ओढ वाढते. दुप्पट ताणली तर दुप्पट ओढ. निम्मी ताणली तर निम्मी ओढ.

आपल्या गावच्या लोहाराला हे हूकच्या नियमाशिवायच ठाऊक होते. बैलगाडीच्या चाकाला तो लोखंडी धाव चढवीत असे, ते तुम्ही पाहिले असेल. धावेचा घेर चाकापेक्षा अंमळ लहानच ठेवायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची. ती तापून मोठी होते. चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. चर्र आवाज होतो, धाव आखडते आणि लाकडाचे सगळे सांधे कडकडा आवळले जातात. खिळा नाही, नट नाही. नुसता ताणलेल्या लोखंडाचा हात.

स्टड किती लांबतो, हे आम्ही पुढे एकदा कागदावर मांडून पाहिले. स्टड १४ मिलिमीटर जाड आणि १२० मिलिमीटर लांब असा धरला. त्याला २५ क्विंटलची ओढ दिली. पोलादाचा गुण लक्षात घेऊन हिशेब केला तर तो लांबतो सुमारे एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. वहीचा एक कागद हातात घ्या. त्याची जाडी साधारण तेवढीच असते. उत्तर आले तेव्हा आमचा आमच्यावरच विश्वास बसेना. दोनदा ताळा केला. ३० क्विंटलचा धक्का सोसणारे ते झाकण एका कागदाच्या जाडीएवढ्या ताणावर धरलेले असते!

आता मिस्त्रीचे म्हणणे ध्यानात येईल. त्याने आम्हाला बाजेचा दाखला दिला होता. सुंभाची नवी बाज विणतात तेव्हा कशी टणक असते. टिचकी मारली तर वाजते. पण आठ दिवस तिच्यावर माणसे बसली, झोपली, की तिला झोळ पडतो. गाठ सुटलेली नसते. दोरी तुटलेली नसते. दोरीचे पीळ एकमेकांत दबतात, सुंभ जागेवर बसतो, आणि तेवढ्याने ताण जातो. मग पायथ्याकडची दोरी पुन्हा ओढून घ्यावी लागते. एकदा ओढून घेतली की बाज पुष्कळ दिवस टिकते.

गॅस्केटचे तसेच होते. तो पुष्कळदा मऊ वस्तूचा असतो. इंजिन तापले की हेड आणि सिलिंडर फुगतात. आत जाळ असतो, म्हणून ते स्टडपेक्षा जास्त तापतात आणि जास्त फुगतात. त्यामुळे तापलेल्या वेळी गॅस्केट आणखीच चिरडला जातो. इंजिन निवले की सारे आखडते, पण दबलेला गॅस्केट काही पहिल्याइतका वर येत नाही. नटाखालचा वॉशर, हेडाचे तोंड, आट्यांच्या कडा यांवर बारीक खडबड असते, तीही दबून सपाट होते. हे सर्व मिळून समजा कागदाच्या निम्म्या जाडीइतके बसले. डोळ्याला काय दिसणार? काहीच नाही. पण स्टडचा सगळा ताणच मुळी एका कागदाचा! त्यातला अर्धा कागद गेला. म्हणजे ओढही निम्मी गेली. २५ क्विंटलची झाली साडेबारा. नट मात्र जिथल्या तिथे. खडूची रेघ जुळलेली, आणि हेडमास्तर निर्धास्त!

कोणी म्हणेल, चार स्टडांचे साडेबारा-साडेबारा धरले तरी ५० क्विंटल होतात. वायूचा जोर तर ३०. मग भ्यायचे कशाला? शंका रास्त आहे. पण गॅस्केट सगळीकडे सारखा बसत नाही. एका कोपऱ्यात कमी, एका कोपऱ्यात जास्त. जिथे जास्त बसला तिथे दाब फार उतरतो. शिवाय वायू झाकण वर ढकलत असतानाही गॅस्केट चांगला दाबलेला राहायला हवा, तरच तो वायू अडवतो. नुसते टेकून भागत नाही. एका जागी केसाएवढी फट पडली की पेटलेला वायू तिच्यातून सुसाट निघतो, आणि तासाला ४५,००० वेळा निघतो. तो गॅस्केट जाळतो आणि बीडही कोरतो. आमच्या हेडाचे तेच झाले.

म्हणून नवा गॅस्केट घातल्यावर काही तास इंजिन चालवून, तापवून, निववून नट पुन्हा आवळायचे असतात. गॅस्केटचे बहुतेक बसणे सुरुवातीच्या तासांतच उरकते. नंतर तो फारसा दबत नाही. किती तासांनी आवळायचे हे इंजिनाच्या पुस्तकात छापलेले असते. ते पुस्तक आमच्याही घरात होते. देव्हाऱ्याच्या फळीवर, पिशवीत बांधून ठेवलेले. छत्तीस वर्षे लोकांच्या मुलांना "पुस्तक उघडा" म्हणून सांगितले, आणि स्वतःचे ते एक पुस्तक काही उघडले नाही. मिस्त्रीला वाचता येत नव्हते, पण पुस्तकातली गोष्ट त्याला पाठ होती.

आता आवळण्याची रीत. इथे घाई करून चालत नाही.

इंजिन पूर्ण निवलेले असावे. पुस्तकात गरम असताना आवळायला सांगितले असेल तरच गरम आवळावे, एरवी नाही. नटांभोवतीची माती फडक्याने पुसून घ्यावी. मग एक नट घ्यावा, तो पाव फेरा उलटा सोडावा, आणि पुन्हा सुलट फिरवून ठरल्या जोरापर्यंत आवळावा. मग दुसरा. एका वेळी एकच नट सोडायचा, सगळे कधीही नाही. तुम्ही म्हणाल, आवळायचेच आहे तर आधी सोडायचा कशाला? त्याचे कारण घर्षण. बरेच दिवस एका जागी बसलेला नट चिकटून राहतो. पान्याला जोर लावला तर हाताला घट्ट लागतो आणि वाटते, हा तर आवळलेलाच आहे. ते चिकटणे असते, ताण नव्हे. थोडा सोडला की चिकट सुटते आणि मग पाना खरे सांगतो. मात्र काही इंजिनांच्या पुस्तकात नट न सोडता आवळायला सांगितलेले असते. तिथे पुस्तकाचे ऐकावे.

घर्षणाची आणखी एक गंमत. पान्याला आपण जो जोर लावतो त्यातला फार थोडा ताणाच्या कामी येतो. रुपयाचा जोर लावला तर साधारण पन्नास पैसे नटाच्या बुडाशी घासण्यात जातात, चाळीस पैसे आट्यांत घासण्यात जातात, आणि उरलेल्या दहा पैशांत स्टड ताणला जातो. आता आट्यांत गंज किंवा माती असली तर ते दहा पैसेही उरत नाहीत. नट हाताला घट्ट, पण स्टड सैलच. उलट आट्यांना भरपूर वंगण चोपडले तर घासणे कमी होते, आणि त्याच जोरात स्टड भलताच ताणला जातो. म्हणून आटे साफ करावेत, आणि तेलाचा थेंब लावायचा की कोरडेच ठेवायचे ते पुस्तकाप्रमाणे करावे. जिथे बोल्ट खालून बंद असलेल्या भोकात बसतो, तिथे भोकात तेल किंवा पाणी साचू देऊ नये. बोल्ट आत जाताना त्या तेलाला वाट मिळत नाही, आणि दाबाने बीड तडकते.

नट कोणत्या क्रमाने आवळावेत? शेजारचे शेजारी नाही. समोरासमोरचे, तिरपे. चार नट असतील तर एक झाला की त्याच्या समोरचा कोपरा, मग उरलेले दोन. भजनातला पखवाजवाला गठ्ठे ठोकतो तेव्हा एकाच बाजूने ठोकत जातो का? एकदा इकडे, एकदा पलीकडे, आणि मध्ये थाप मारून ऐकतो. एकाच बाजूने ओढली तर पुडी वाकडी बसते. हेडाचेही तसेच. ट्रॅक्टरसारखे लांब हेड असेल आणि नट दहा-बारा असतील तर मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे. नवा गॅस्केट बसवताना तर एका फेरीत पूर्ण आवळूच नये. पहिल्या फेरीत एक तृतीयांश जोर, दुसरीत दोन तृतीयांश, तिसरीत पूर्ण.

दुसऱ्या आवळणीत नट किती फिरतो म्हणाल, तर फार थोडा. आट्याची एक पायरी २ मिलिमीटरची धरली, तर अर्ध्या कागदाची तूट भरून काढायला नट एका फेऱ्याच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाइतका पुढे गेला की पुरे. घड्याळाचा मिनिटकाटा दीड-दोन मिनिटांत जेवढा सरकतो तेवढे. "एवढंसं फिरवायला का बोलावलं?" असे गिऱ्हाईक म्हणते, ते याचमुळे.

आता जोर किती लावायचा? पुस्तकात तो किलो-मीटर अशा मापात दिलेला असतो. हे अंतराचे किलोमीटर नव्हे बरे का! एक मीटर लांब पान्याच्या टोकाला एक किलोचा जोर लावला तर एक किलो-मीटर. नव्या पुस्तकांत न्यूटन-मीटर असते. दहा न्यूटन-मीटर म्हणजे जवळजवळ एक किलो-मीटर. हे माप दाखवणारा टॉर्क पाना मिळतो, पण तो महाग असतो आणि खेड्यात सगळ्यांकडे नसतो. मिस्त्रीची युक्ती सांगतो. आकड्याचा स्प्रिंगकाटा घ्यावा, ज्याला पोते अडकवून वजन करतात तो. पान्यावर नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर खूण करावी, तिथे काटा अडकवावा आणि पान्याशी काटकोन धरून ओढावा. पुस्तकात ७ लिहिले असेल, तर अर्ध्या मीटरवर काट्याने १४ किलो दाखवले की थांबावे. १४ गुणिले अर्धा बरोबर ७. काटा तिरपा ओढला तर हिशेब चुकतो, तेवढे जपावे.

आमच्या पुतण्याला ही रीत शिकवायला आम्हाला उशीर झाला. पहिल्या नुकसानीने आम्ही फार धसकलो होतो. पुढच्या हंगामात आम्ही त्याला सांगितले, "नट चांगले गच्च कर बाबा." तो म्हणाला, "काका, काळजी नको." त्याने पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि अंग टाकून ओढले. पाना ३० सेंटिमीटरचा असतो तेव्हा २० किलोच्या जोराने ६ किलो-मीटर होतात. पाइपाने तोच ९० सेंटिमीटर झाला की १८ होतात, आणि पोराचा जोर काही २० किलोचा नव्हता. आधी नट एकदम हलका लागू लागला. पोराला वाटले, अजून सैल आहे. त्याने आणखी ओढले, आणि कटकन आवाज होऊन स्टड तुटला. नट असा हलका लागतो तेव्हा स्टड मर्यादेबाहेर ताणला जात असतो. स्प्रिंगकाट्याला झेपणार नाही एवढे पोते अडकवले तर स्प्रिंग परत येत नाही, तसेच हे. असा लांबलेला स्टड पुन्हा वापरू नये. पान्याची लांबी कारखान्याने नटाच्या बेताने ठरवलेली असते. हेडाच्या नटाला पाइप लावणे म्हणजे त्या ठरवण्यावर बोळा फिरवणे.

सगळेच नट मात्र या एका कारणाने सैल होत नाहीत. काही नट खरोखर फिरून सैल होतात. जोडलेले दोन भाग हादऱ्याने आडवे घसरू लागले की नट हळूहळू उलटा फिरतो. जर्मन इंजिनियर गेरहार्ड युंकर याने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवले. इंजिनाच्या पायाचे बोल्ट, सायलेन्सरचे बोल्ट यांचे असे होते. तिथे खडूची रेघ उपयोगी पडते, कारण ती तुटलेली दिसते. ट्रॅक्टरचे किंवा जीपचे चाक काढून बसवले तर थोडे चालवून चाकाचे नट पुन्हा पाहावेत. पिस्टनच्या दांड्याचे बोल्ट मात्र उगाच आवळत बसू नये. ते मिस्त्रीचे काम.

आणि एक सावधगिरी. आजच्या पुष्कळ नव्या मोटारी आणि ट्रॅक्टरमध्ये पोलादी पत्र्यांचे थर असलेला गॅस्केट असतो. तो फारसा बसत नाही. काहींचे बोल्ट तर मुद्दाम मर्यादेपर्यंत ताणून, ठरावीक अंश फिरवून बसवतात आणि ते काढले की बहुधा नवे घालावे लागतात. अशा इंजिनाला आमच्या जुन्या रीतीने पुन्हा आवळू गेलात तर नुकसान कराल. आपले इंजिन कोणत्या जातीचे, हे आधी विचारावे. जुन्या इंजिनांचा एक धोका वेगळाच आहे. त्यांच्या गॅस्केटमध्ये पुष्कळदा अॅस्बेस्टॉस असे. तो कोरडा खरवडला तर त्याची धूळ छातीत जाते आणि वर्षांनी आजार करते. असा गॅस्केट पाण्याने भिजवून काढावा, फुंकर मारू नये.

नट आवळून झाले म्हणजे काम संपले का? नाही. एक गोष्ट राहते आणि तीच लोक विसरतात. ती म्हणजे टॅपेटची फट. हेडात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन वाल्व्ह असतात. खालून येणाऱ्या लांब दांड्या वरच्या तरफांना उचलतात आणि तरफा वाल्व्ह दाबतात. तरफ आणि वाल्व्ह यांच्यात थोडी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर वाल्व्ह लांबतो. नट आवळले की हेड जरासे खाली बसते. त्याच्याबरोबर तरफाही खाली येतात. पण खालच्या दांड्यांची लांबी तेवढीच राहते. म्हणून फट कमी होते. ती फारच कमी झाली तर वाल्व्ह पुरता मिटत नाही, त्याच्या कडेने जाळ निघतो आणि वाल्व्ह जळतो. गॅस्केट वाचवला आणि वाल्व्ह घालवला, असे व्हायला नको. फट मोजायला पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा मिळतो, त्याला फिलर गेज म्हणतात. पुस्तकात सांगितलेल्या जाडीची पट्टी फटीत घालून पाहावी. ती किंचित घासत सरकली म्हणजे फट बरोबर आहे.

आमच्या इंजिनघराच्या भिंतीवर त्या वर्षापासून आम्ही कोळशाने नोंद ठेवू लागलो. गॅस्केट कोणत्या तारखेला घातला, त्यानंतर रोज किती तास इंजिन चालले, नट पुन्हा कोणत्या दिवशी आवळले, टॅपेट कोणी पाहिले. भिंत भरली की चुन्याचा हात द्यायचा आणि पुन्हा लिहायचे. आता तिथे विजेची मोटर बसली आहे, पण वीज जाते तेव्हा ते जुने इंजिन अजून लावतो. मागच्या खेपेस पुतण्याच्या मुलीने नोंद लिहिली. तासांच्या बेरजेत तिची चूक होती, ती आम्ही दुरुस्त केली.